एरंडेल

तेव्हा तेलाला परतीचा रस्ता नव्हता.
टाकीतून एक बारीक नळी खाली उतरायची.
दर पाच-सहा मैलांनी चालवणाऱ्यानेच
पितळी पंपाचा दट्ट्या दाबायचा, अंदाजाने,
आणि ते तेल क्रँकपाशी जाऊन, रोलरांना न्हाऊ घालून,
पिस्टनच्या कडेने थोडं जळून
उरलंसुरलं रस्त्यावर.
गोळा करून पुन्हा फिरवणं नाही.
हातचं राखून काही नाही.

एकोणीसशे तेवीस सालचं, बर्मिंगहॅमचं मशीन.
साडेतीनशे सीसी, एकच सिलिंडर,
डोकं आणि धड एकाच ओतिवातलं;
दोन्ही व्हॉल्व्ह बाजूला,
चॅपेलच्या बाकावरच्या दोघा म्हाताऱ्यांसारखे:
एक उठला की दुसरा बसलेलाच.

ते होतं नर्स मॉरविद प्रॉसरचं.
ट्रेगारॉनच्या वरच्या वाड्यावस्त्यांची सुईण.
घट्ट बांधलेला बूट, मागे कातडी बॅग,
आणि चढ लागला की पंपाला एक जास्तीचा दाब.
सकाळी दूधवाला ओल्या रस्त्यावर
इंद्रधनुष्याचे ठिपके बघत यायचा
आणि कुणाच्या फाटकापाशी थबकायचा:
"इथं डबकंच साचलंय. रात्रभर लागली असणार."
तेवढ्यावरून पहिलटकरीण आहे की तिसरं बाळंतपण,
हेसुद्धा सांगायचा. बहुतेकदा बरोबर.

मग कौन्सिलने तिला मोटार दिली.
हे मशीन गेलं ग्रिफिथांच्या खुराड्यात.
साठ वर्षं कोंबड्यांनी त्यावर जे करायचं ते केलं.

आता ते माझ्या बाकावर आहे.
कार्डिफच्या म्युझियमला हवंय, चालू स्थितीत,
पण मिसेस हॅझेल्डीन यांचं पत्र आहे सोबत:
नवीन लाकडी जमीन, कृपया थेंब पडू नये.
शक्य असल्यास तेल परत फिरवणारा पंप बसवावा.
मी पत्र वाचलं, त्यावर बोल्ट ठेवले.

सिलिंडर वर उचलला.
चौदा वेळा हिसका द्यावा लागला.
पिस्टनच्या अंगावर काजळी असणार, ती होतीच,
पण खाली, स्कर्टपाशी, एक पिवळट लाख.
नखाने निघेना. रॉकेलला दाद देईना.
वास घेतला.

एरंडेल.

साधं तेल आणि एरंडेल एकमेकांत मिसळत नाहीत;
भांडतात, आणि भांडणाचा डिंक मागे राहतो.
हे कुठल्याही मेकॅनिकला कळतं.
एवढी शहाणी बाई असं का करील, तेवढं कळेना.
मग आठवलं.

फेब्रुवारी एकतीस. आई दिवस उलटून गेलेली.
बर्फ. दार उघडलं तेव्हा नर्सच्या हातात
एरंडेलाची बाटली, अर्धीच.
आईने विचारलं, बाकीचं?
"बाहेर एकजण आहे. वरच्या खिंडीत तिची टाकी कोरडी पडली.
आधी तिला पाजलं."
आईने उरलेलं प्यायलं,
आणि आयुष्यभर ही गोष्ट सांगताना
तिचा चेहरा तस्साच व्हायचा.
सकाळी सहाला मी.

आम्हाला वाटायचं, रंगवून सांगते.

मी पिस्टनचा माथा घासला, चकचकीत.
रिंगा नव्या. व्हॉल्व्हची फट
व्हिजिटिंग कार्डाच्या जाडीएवढी, जुन्या पद्धतीने.
स्कर्टवरची लाख निघाली नाही असं म्हणता येईल.
खरं म्हणजे दुसऱ्यांदा मी प्रयत्न केला नाही.
जिथे आड येत होती तेवढीच खरवडली.

काल संध्याकाळी मशीन सुरू केलं.
तिसऱ्या किकला खोकलं, सातव्याला बोललं.
धुराला दवाखान्यासारखा वास होता, दोनेक मिनिटं.
मग गेला.

पंप जुनाच ठेवला आहे.
मिसेस हॅझेल्डीनना पत्र टाकलं:
सोबत एक पत्र्याचा ट्रे पाठवतोय, मापाचा.
डबकं केवढं झालं
ते रोज सकाळी कुणीतरी बघत जावं.